हल्ला जाहीर केल्यापासून निकाल लागेपर्यंत: यू-गि-ओह!मधली मॉन्स्टरांची लढाई

यू-गि-ओह! हा कार्डांचा खेळ शिकायला बसलेला माणूस मॉन्स्टर, म्हणजे लढणारं कार्ड, कसा मांडायचा हे पहिल्या अर्ध्या तासात शिकतो. अडतो तो लढाईपाशी. दोन कार्डं समोरासमोर येतात, दोघं आकडे वाचतात, मोठा आकडा जिंकला असं धरून एक जण कार्ड उचलायला हात पुढे करतो आणि तेवढ्यात समोरचा म्हणतो, "थांब, माझं अजून आहे." मग त्याचं ते 'अजून' त्या क्षणी चालतं की नाही, यावर दहा मिनिटं वाद.

हा वाद टाळता येतो. त्यासाठी नियमांचं जाडजूड पुस्तक पाठ करावं लागत नाही. एक गोष्ट पक्की डोक्यात बसली पाहिजे: सगळ्या लढाईत आकडे एकाच क्षणी तोलले जातात. त्या क्षणाच्या आधी जे काही चालतं ते आकडे बदलण्यासाठी, लढाई थांबवण्यासाठी. त्या क्षणानंतर जे चालतं ते फक्त परिणाम. आपण आत्ता त्या क्षणाच्या अलीकडे आहोत की पलीकडे, हे ज्याला कळतं त्याला लढाई कळली. पुढचं सगळं त्याच क्रमाने सांगतो.

कार्ड कसं ठेवलंय ते आधी बघा

मॉन्स्टरच्या कार्डावर खाली उजवीकडे दोन आकडे असतात, अटॅक आणि डिफेन्स. डार्क मॅजिशियनचा अटॅक 2500, डिफेन्स 2100. ब्लू-आईज व्हाइट ड्रॅगनचा 3000 आणि 2500. लढाईत यातला एकच आकडा कामाला येतो, आणि कोणता ते कार्ड कसं ठेवलंय यावर ठरतं.

कार्ड उभं असेल तर ते अटॅक पोझिशनमध्ये, म्हणजे अटॅकचा आकडा धरायचा. आडवं असेल तर डिफेन्स पोझिशनमध्ये, म्हणजे डिफेन्सचा आकडा. आडवं आणि पालथं असेल तर तेही डिफेन्समध्येच, फक्त आत काय आहे ते समोरच्याला माहीत नाही. हल्ला करणारा मॉन्स्टर नेहमी उभा आणि उताणा असतो. अपवाद करणारी मोजकी कार्डं आहेत, पण ती ज्या दिवशी हातात येतील त्या दिवशी वाचा.

2017 पासून खेळात लिंक मॉन्स्टर आले. त्यांना डिफेन्सचा आकडाच नाही, म्हणून ते आडवे होतच नाहीत. नवख्याने एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे.

हल्ला कधी करता येतो

आपल्या पाळीत आधी ड्रॉ फेज, मग स्टँडबाय, मग मेन फेज 1, त्यानंतर बॅटल फेज. लढाई फक्त तिथेच. बॅटल फेज संपली की मेन फेज 2 आणि शेवटी एंड फेज. जो डाव सुरू करतो त्याला त्याच्या पहिल्या पाळीत बॅटल फेज मिळत नाही.

प्रत्येक मॉन्स्टरला एका पाळीत एक हल्ला. नॉर्मल समन करून, म्हणजे हातातून साध्या पद्धतीने मैदानात, आणलेला मॉन्स्टर त्याच पाळीत हल्ला करू शकतो. तो थांबून राहायला हवा असा समज दुसऱ्या कार्ड गेममधून आलेल्या मंडळींमध्ये फार आहे, तो इथे लागू नाही. मात्र हल्ला केलेल्या मॉन्स्टरला त्याच पाळीत हाताने आडवं करून लपवता येत नाही. हल्ला केलात की तो समोरच्याच्या पाळीत उभाच राहणार, हे धरून चला. दोन्ही बाजूंना 8000 लाइफ पॉइंट (हे शून्य झाले की डाव हरला) असताना हे फारसं टोचत नाही. 1500 उरलेले असताना टोचतं.

आकड्यांचा निकाल

सगळे डावपेच बाजूला ठेवून आधी नुसती वजाबाकी बघू.

समोरचा मॉन्स्टर उभा असेल तर दोघांचे अटॅक एकमेकांसमोर ठेवायचे. जेमिनाय एल्फ (अटॅक 1900) जाऊन सेल्टिक गार्डियनवर (अटॅक 1400) आदळली, तर गार्डियन नष्ट आणि त्याच्या मालकाचे 500 लाइफ पॉइंट गेले. उलट गार्डियननेच एल्फवर हल्ला केला असता, तर हल्ला करणाराच नष्ट झाला असता आणि 500 हल्ला करणाऱ्याचेच गेले असते. हल्ला कोणी केला याला इथे काही मान नाही, फरक हरणाऱ्याच्या खात्यावर. बरोबरी झाली तर दोघंही नष्ट, कोणाचेही पॉइंट जात नाहीत. फक्त दोघांचाही अटॅक शून्य असेल तर कोणीच नष्ट होत नाही, कारण शून्य अटॅकने कोणाला मारता येत नाही.

समोरचा आडवा असेल तर हिशोब वेगळा, आणि नवखे सगळ्यात जास्त चुकतात ते इथे. अटॅक डिफेन्सपेक्षा मोठा असेल तर आडवा मॉन्स्टर नष्ट होतो, पण मालकाचे पॉइंट जात नाहीत. एकही नाही. 3000 चा ड्रॅगन 200 डिफेन्सच्या कुरिबोवर तुटून पडला तरी मालक शाबूत. अटॅक डिफेन्सपेक्षा लहान असेल तर कोणीच नष्ट होत नाही, पण फरक हल्ला करणाऱ्याच्या पॉइंटांतून जातो. जायंट सोल्जर ऑफ स्टोनचा डिफेन्स 2000. त्याच्यावर 1900 ची एल्फ धडकली तर एल्फच्या मालकाचे 100 जातील, दोन्ही मॉन्स्टर जागेवर. बरोबरीत काहीच होत नाही.

समोर एकही मॉन्स्टर नसेल तर थेट हल्ला, आणि अटॅकचा अख्खा आकडा वजा. 8000 मधून 3000 एका फटक्यात जातात तेव्हा आडवं कार्ड किती मोलाचं असतं ते कळतं.

आडव्या मॉन्स्टरच्या मालकाला वाचवणारा हा नियम मोडणारी कार्डंही आहेत. त्याला पिअर्सिंग डॅमेज म्हणतात. म्हणजे डिफेन्सपेक्षा जितका जास्त अटॅक तितके पॉइंट आडव्या मॉन्स्टरच्या मालकाचे जातात. कार्डावर तसं लिहिलेलं असेल तरच.

हल्ला जाहीर करणं, आणि मग थांबणं

बॅटल फेजचेही तुकडे आहेत: स्टार्ट स्टेप, बॅटल स्टेप, डॅमेज स्टेप, एंड स्टेप. पहिली आणि शेवटची बहुतेक वेळा न बोलता निघून जातात. खेळ मधल्या दोघींत आहे. प्रत्येक हल्ल्यासाठी बॅटल स्टेप, मग डॅमेज स्टेप, मग पुढच्या मॉन्स्टरसाठी परत बॅटल स्टेप, असा फेरा चालतो.

बॅटल स्टेपमध्ये हल्ला जाहीर करायचा. मोठ्याने. "एल्फने या पालथ्या कार्डावर हल्ला." कोण आणि कोणावर, दोन्ही सांगायचं. हातातलं कार्ड नुसतं पुढे सरकवणं किंवा बोटाने टकटक करणं म्हणजे जाहीर करणं नव्हे; अर्धे वाद तिथून सुरू होतात. आणि जाहीर केल्यावर थांबायचं. समोरच्याकडे बघायचं, "काही आहे?" असं विचारायचं. त्याने 'नाही' म्हटलं की "डॅमेज स्टेपमध्ये जातोय" असं म्हणून पुढे. मी ज्यांना शिकवतो त्यांना पहिले वीस डाव हे दोन्ही वाक्यं बोलायलाच लावतो. कंटाळा येतो, पण सवय लागते, आणि ही सवय पुढे डाव वाचवते.

कारण बहुतेक मोठ्या सापळ्यांची, म्हणजे पालथी ठेवून वेळ आली की उलटवायच्या ट्रॅप कार्डांची, दारं इथेच उघडतात. मिरर फोर्स समोरच्याने हल्ला जाहीर केला त्या क्षणी उलटवायचं असतं, आणि ते हल्ला करणाऱ्याचे अटॅक पोझिशनमधले सगळे मॉन्स्टर नष्ट करतं. मॅजिक सिलिंडर हल्ला रद्द करतं आणि हल्ला करणाऱ्या मॉन्स्टरचा अटॅक जितका, तितके पॉइंट त्याच्याच मालकाचे घेतं. दोन्ही कार्डांवर वेळ स्पष्ट लिहिलेली आहे: हल्ला जाहीर झाल्यावर. ती वेळ टळली की टळली.

हे मला माझ्या पहिल्या महत्त्वाच्या सामन्यात कळलं. माझ्याकडे मिरर फोर्स पालथं पडून होतं. समोरच्याने माझ्या पालथ्या मॉन्स्टरवर हल्ला जाहीर केला, मी विचार केला की आधी आपला मॉन्स्टर तग धरतो का बघू, मग सापळा उघडू. "काही नाही" म्हणालो. मॉन्स्टर उलटला, समोरच्याचा आकडा माझ्यापेक्षा मोठा निघाला, आणि मी मिरर फोर्सवर हात ठेवला. समोरचा शांतपणे म्हणाला, "आपण डॅमेज स्टेपमध्ये आहोत." त्याचं बरोबर होतं. तीन उभे मॉन्स्टर वाचले त्याचे, आणि पुढच्या पाळीत मी हरलो. त्या दिवसापासून आकडे बघायच्या आधी मी वेळ बघतो.

मध्येच मैदान बदललं तर

हल्ला जाहीर झाला, पण डॅमेज स्टेप सुरू व्हायच्या आत हल्ला झेलणाऱ्याच्या बाजूच्या मॉन्स्टरांची संख्या बदलली, तर रीप्ले होतो. म्हणजे हल्ला करणाऱ्याला पुन्हा ठरवायची मुभा मिळते: त्याच मॉन्स्टरवर जायचं, दुसऱ्यावर जायचं की हल्ला सोडायचा.

नेहमीचं उदाहरण स्केपगोटचं. समोरच्याचं मैदान रिकामं, तुम्ही थेट हल्ला जाहीर केला, त्याने आधीपासून पालथं ठेवलेलं स्केपगोट उलटवलं आणि चार मेंढ्यांची टोकन (कार्डाशिवाय येणारे, पण मॉन्स्टर म्हणून मोजले जाणारे तुकडे) आडवी येऊन बसली. शून्य मॉन्स्टर होते, आता चार झाले. थेट हल्ला राहिला नाही. आता एखाद्या टोकनवर जा किंवा थांबा. पण थांबलात तरी त्या मॉन्स्टरचा या पाळीतला हल्ला वापरला गेला असं धरतात. "मग मी नंतर करतो" असं नाही.

संख्या बदलायला हवी, नुसती स्थिती बदलून भागत नाही. तुम्ही माझ्या उभ्या मॉन्स्टरवर हल्ला केलात आणि मी बुक ऑफ मून वापरून तोच मॉन्स्टर पालथा केला, तर संख्या तीच. रीप्ले नाही, हल्ला चालूच; फक्त आता तो पालथ्या, आडव्या कार्डावर आहे आणि डिफेन्स धरला जाईल. तेच बुक ऑफ मून मी हल्ला करणाऱ्यावर वापरलं तर तो स्वतःच पालथा पडतो आणि हल्ला तिथेच थांबतो. एकच कार्ड, दोन वेगळे निकाल. नवख्यांनी हे दोन्ही प्रकार एकदा कार्डं मांडून करून बघावेत.

डॅमेज स्टेप: इथे घाई नको

आता खरा गाभा. डॅमेज स्टेप दिसायला एका सेकंदाची, पण तिच्या आत पाच टप्पे आहेत. क्रमाने घेऊ.

पहिला टप्पा, स्टेपची सुरुवात. पालथं कार्ड अजून पालथंच. दुसरा, हिशोबाच्या आधीचा. हल्ला पालथ्या कार्डावर असेल तर ते इथे उलटतं. हल्ला जाहीर होताना नाही, इथे. तिसरा, प्रत्यक्ष हिशोब. हाच तो एकमेव क्षण. आकडे समोरासमोर येतात, पॉइंट वजा होतात, कोण नष्ट होणार ते ठरतं. चौथा, हिशोबानंतरचा. उलटल्यामुळे सुरू होणारे फ्लिप परिणाम इथे चालतात. पाचवा, शेवट. लढाईत हरलेला मॉन्स्टर आता ग्रेव्हयार्डमध्ये, म्हणजे वापरून झालेल्या कार्डांच्या ढिगात, जातो.

या स्टेपमध्ये वाटेल ते कार्ड चालत नाही. चालतात ती मुख्यतः अटॅक किंवा डिफेन्स थेट बदलणारी कार्डं, काउंटर ट्रॅप, दुसऱ्या कार्डाची अंमलबजावणी रद्द करणारे परिणाम, आणि 'डॅमेज स्टेपमध्ये' किंवा 'हिशोबाच्या वेळी' असं कार्डावर स्पष्ट लिहिलेले परिणाम. आकडे बदलणारी साधी कार्डं तिसऱ्या टप्प्याच्या आधीच वापरायला लागतात. हिशोब सुरू झाला की ती वेळ गेली.

आता हे सगळं टेबलावर कसं दिसतं ते बघू.

रश रेकलेसली हे साधं कार्ड आहे: एका उताण्या मॉन्स्टरचा अटॅक पाळी संपेपर्यंत 700 ने वाढतो. समोरच्याचा समन्ड स्कल (2500) माझ्या एल्फवर (1900) चालून आला. माझ्याकडे आधीच्या पाळीत पालथं ठेवलेलं रश आहे. ते मी हल्ला जाहीर झाल्यावर लगेच वापरू शकतो, किंवा डॅमेज स्टेपच्या पहिल्या दोन टप्प्यांत. आकडा दोन्हीकडे सारखाच, 2600 विरुद्ध 2500. पण बॅटल स्टेपमध्ये वापरलं तर समोरच्याला उत्तर द्यायला कितीतरी कार्डं मोकळी असतात. डॅमेज स्टेपमध्ये त्यातली बरीच बंद. म्हणून अनुभवी खेळाडू ताकद वाढवणारं कार्ड शक्यतो डॅमेज स्टेपसाठी राखून ठेवतात. जाता जाता: रश हे क्विक-प्ले, म्हणजे झटपट वापरायचं स्पेल कार्ड आहे, ते स्वतःच्या पाळीत हातातून चालतं, पण समोरच्याच्या पाळीत वापरायचं असेल तर आधीच्या पाळीत पालथं ठेवलेलं हवं.

ऑनेस्ट या कार्डाने मला डॅमेज स्टेप शिकवली असं म्हणेन. हे मॉन्स्टरचं कार्ड हातात ठेवायचं. आपला लाइट जातीचा मॉन्स्टर लढत असेल तेव्हा डॅमेज स्टेपमध्ये ते हातातून ग्रेव्हयार्डमध्ये पाठवायचं. समोरच्या मॉन्स्टरचा जितका अटॅक, तितका आपल्या मॉन्स्टरला मिळतो. सायबर ड्रॅगन (2100) जाऊन ब्लू-आईजवर (3000) आदळला. बघणाऱ्याला वाटतं हा खुळा झाला. मग ऑनेस्ट. 2100 अधिक 3000, म्हणजे 5100. ब्लू-आईज नष्ट, आणि फरक किती? 2100. नीट बघितलं तर समोरचा उभा असेल आणि त्याचा अटॅक नंतर बदलला नाही, तर हे नेहमीच असं होतं: समोरच्याचा आकडा दोन्हीकडे येतो, वजाबाकीत निघून जातो, आणि आपल्या मॉन्स्टरचा स्वतःचा अटॅक तेवढा उरतो. जणू समोर कोणी नव्हतंच, थेट हल्ला झाला. हे एकदा ध्यानात आलं की ऑनेस्ट हातात असताना हिशोब मनात करावा लागत नाही.

हिशोबाच्या अगदी क्षणी चालणारी कार्डं वेगळी ओळखा. कुरिबो हातातून टाकला तर त्या लढाईतले आपले पॉइंट वाचतात. मॉन्स्टर वाचत नाही, फक्त पॉइंट. इंजेक्शन फेरी लिलीचा अटॅक 400, पण हिशोबाच्या वेळी 2000 पॉइंट मोजले तर त्या हिशोबापुरता 3400 होतो. ब्लू-आईज तिच्यावर चालून आला आणि मालकाने 2000 मोजले, तर ब्लू-आईज हरतो. आणि 3400 झाल्यावर रश वापरून उत्तर देता येत नाही, कारण रशची वेळ आधीच संपलेली असते. लिलीची ताकद 3000 मध्ये नाही, ती ज्या टप्प्याला वाढते त्यात आहे.

पालथं कार्ड उलटल्यावर

मॅन-ईटर बग घ्या. अटॅक 450, डिफेन्स 600. फ्लिप झाला की मैदानातला एक मॉन्स्टर निवडून नष्ट करतो. तुमच्या एल्फने त्या पालथ्या कार्डावर हल्ला केला. दुसऱ्या टप्प्यात बग उलटला. तिसऱ्यात हिशोब: 1900 विरुद्ध 600, बग हरला, आडवा असल्यामुळे पॉइंट कोणाचेच गेले नाहीत. पण बग अजून टेबलावरच आहे. चौथ्यात त्याचा फ्लिप परिणाम सुरू होतो आणि तो तुमच्या एल्फकडे बोट दाखवतो. एल्फ नष्ट. पाचव्या टप्प्यात बग ग्रेव्हयार्डमध्ये. नवखा इथे हमखास विचारतो, "मी तर त्याला मारलं होतं, मग तो कसा वार करतो?" मारलं हे खरं, पण तो अजून गेलेला नाही. हिशोब आणि प्रत्यक्ष जाणं यांच्यामध्ये एक टप्पा आहे, आणि बग तिथेच राहतो.

याच चौथ्या टप्प्यावर डी.डी. वॉरियर लेडी (1500) आपलं काम करते. लढाईचा हिशोब झाल्यावर ती समोरच्या मॉन्स्टरला आणि स्वतःला, दोघांनाही बॅनिश करू शकते, म्हणजे ग्रेव्हयार्डमध्येही न पाठवता खेळाबाहेर काढू शकते. तिला ब्लू-आईजवर पाठवलंत तर 1500 पॉइंट तुमचे जातीलच, कारण हिशोब होऊन गेला. पण ब्लू-आईज गेला. तो सौदा परवडतो की नाही हे तुमच्याकडे किती पॉइंट उरलेत त्यावर.

मार्शमॅलोन लढाईत नष्टच होत नाही, आणि पालथा असताना त्याच्यावर हल्ला झाला तर हल्ला करणाऱ्याचे 1000 जातात. हे 1000 परिणामातून गेलेले आहेत, लढाईतून नाहीत. लढाईतलं नुकसान वाचवणारी कार्डं इथे कामाला येत नाहीत. दोन्हींत फरक आहे, तो कार्ड वाचताना बघत जा.

पाचव्या टप्प्याचं उदाहरण मिस्टिक टोमॅटो (1400). लढाईत नष्ट होऊन ग्रेव्हयार्डमध्ये गेला की डेकमधून 1500 किंवा त्याहून कमी अटॅकचा एक डार्क मॉन्स्टर उभा करून आणता येतो. आपल्याच बॅटल फेजमध्ये तो मुद्दाम मोठ्या मॉन्स्टरवर आदळून गेला, तर नवीन आलेला मॉन्स्टर त्याच फेजमध्ये हल्ला करू शकतो. फेज अजून संपलेली नसते.

कोणाला आधी पाठवायचं

याला पक्का नियम नाही, माझं मत आहे. पालथ्या कार्डावर पहिला असा मॉन्स्टर पाठवा की जो गेला तर रडू येणार नाही. समोर पालथी स्पेल-ट्रॅप कार्डं दिसत असतील तर सगळे मॉन्स्टर लढाईआधी उभे करू नका. ज्याची या पाळीत हल्ल्यासाठी गरज नाही तो हातात ठेवा आणि मेन फेज 2 मध्ये आणा. मिरर फोर्स उलटलं तरी हातातलं कार्ड सुरक्षित. आपले सापळे पालथे ठेवायचेही शक्यतो मेन फेज 2 मध्येच. हल्ल्याच्या वेळी समोरच्याला तुमच्या मागे काय आहे याचा अंदाज कशाला द्यायचा?

आणि लाइफ पॉइंट कागदावर लिहा. दोघांनीही, दोघांचेही. प्रत्येक वजाबाकी झाल्यावर आकडा मोठ्याने म्हणायचा, दोघांचे कागद जुळले की पुढे.

एक पाळी, टप्प्याटप्प्याने

तुमचे 3000 पॉइंट, समोरच्याचे 2000. तुमच्याकडे जेमिनाय एल्फ (1900) आणि सायबर ड्रॅगन (2100), दोघंही उभे. हातात ऑनेस्ट. समोर समन्ड स्कल (2500) उभा, एक पालथा मॉन्स्टर, आणि मागे एक पालथं कार्ड.

बॅटल फेज. "एल्फने पालथ्यावर हल्ला. काही आहे?" "नाही." डॅमेज स्टेप. कार्ड उलटलं: बिग शील्ड गार्डना, डिफेन्स 2600. हिशोब: 700 तुमचे गेले, 2300 उरले. कोणी नष्ट नाही. पण गार्डनावर हल्ला झाला की स्टेपच्या शेवटी तो आडव्याचा उभा होतो, आणि उभ्या गार्डनाचा अटॅक फक्त 100.

आता सायबर ड्रॅगन. स्कलवर जाऊन ऑनेस्ट टाकलं तर 2100 जातात, डाव संपला. गार्डनावर गेलात तर 2100 वजा 100, नेमके 2000, डाव संपला, आणि ऑनेस्ट हातातच. दुसरा रस्ता घ्या. "सायबर ड्रॅगनने गार्डनावर हल्ला. काही आहे?" "नाही." "डॅमेज स्टेप." आणि इथे समोरचा मागचं कार्ड उलटवतो: रश रेकलेसली, गार्डनावर.

तुमचा हात ऑनेस्टकडे जातो. थांबा. रशच्या उत्तरात, त्याच साखळीत ऑनेस्ट टाकलंत, तर साखळीत शेवटी आलेलं आधी घडतं. ऑनेस्ट आधी घडेल, तेव्हा गार्डनाचा अटॅक 100, म्हणजे सायबर ड्रॅगन 2200. मग रश घडेल, गार्डना 800. फरक 1400. समोरचा 600 पॉइंटांवर जिवंत.

म्हणून "उत्तर नाही" म्हणा. रश घडू दे. गार्डना 800 झाला. हिशोब अजून झालेला नाही, तुम्ही अजून त्या क्षणाच्या अलीकडेच आहात. आता ऑनेस्ट. 2100 अधिक 800, 2900. "अजून काही?" "नाही." 2900 वजा 800, 2100. समोरच्याच्या कागदावर शून्य.